मासेमारीचे रंग उडालेले लूर (मासा फसवायची नकली आमिषं) आणि जिगहेड (शिशाचं डोकं असलेले गळ) घरीच, कमी खर्चात रंगवता येतात का? एअरब्रश (हवेच्या दाबाने बारीक रंग फवारणारं यंत्र) घ्यावाच लागतो का?

रंगवता येतात, आणि एअरब्रश अजिबात घेऊ नका. निदान पहिले पंचवीस-तीस लूर हातून होईपर्यंत तरी नाही. मी हौसेने कंप्रेसरसकट घेतला होता. रंगवण्यापेक्षा नोझल धुण्यातच जास्त वेळ जायला लागला तेव्हा तो माळ्यावर गेला, तो अजून तिथेच आहे.

आता माझं सगळं सामान बुटाच्या एका खोक्यात मावतं. चारशे नंबरचा पॉलिशपेपर, पांढऱ्या स्प्रेचा डबा, दोन-तीन रंगांचे स्प्रे, नेलपॉलिशच्या अर्धवट संपलेल्या बाटल्या (घरच्यांना विचारून घ्या, मी एकदा विचारलं नव्हतं), टाचण्या, मास्किंग टेप, फळांच्या पिशवीची जाळी आणि दोन नळ्यांचं इपॉक्सी.

बहुतेकांचा रंग दुसऱ्या दिवशीच पापुद्र्यासारखा निघतो, कारण खालची तयारी झालेली नसते. आधी गळ आणि कड्या काढून ठेवा. लूर साबणाने धुवा, कारण त्यावर माशाचा बुळबुळीतपणा आणि आपल्या बोटांचं तेल असतं. मग पॉलिशपेपरने फक्त चकाकी मरेल इतकंच घासा, स्पिरिटने पुसा आणि त्यानंतर उघड्या बोटांनी धरू नका. लुराच्या तोंडाशी पारदर्शक जीभ (पुढे आलेली चपटी पट्टी) असेल तर तिला टेप लावा. मग पांढऱ्याचे दोन पातळ हात. हा पांढरा थर वगळायचा मोह होतो, पण पोपटी किंवा नारिंगी फ्लुरोसंट रंग गडद पृष्ठावर मारला तर मळकट दिसतो. त्याची चमक खालच्या पांढऱ्यावरच उठते.

आता गंमतीचा भाग, खवले. जाळी लुरावर ताणून बसवा आणि पोटाच्या बाजूने कपड्यांच्या चिमट्याने पकडा. जाळी कुठे सैल राहिली तर तिथे खवल्याऐवजी नुसता डाग येतो. वीतभर अंतरावरून एकच हलका फवारा मारा. दुसरा मारावासा वाटेल, मारू नका. रंग बोटाला लागेनासा झाला की जाळी सरळ वर उचला. बाजूला ओढलीत तर सगळे खवले फरफटतात. पाठीवर गडद रंगाची एक पट्टी मारा, पोट पांढरंच सोडा. छोट्या माशांची पाठ गडद आणि पोट फिकं असतं, तेवढा भास पुरतो. डोळ्यासाठी खिळ्याचं डोकं पिवळ्या नेलपॉलिशमध्ये बुडवून एक ठिपका द्या, तो वाळला की टाचणीच्या डोक्याने आत काळा. डोळा जरा मोठाच काढा. माशाच्या पिल्लाचा डोळा अंगाच्या मानाने मोठा असतो.

नेलपॉलिश शिशाच्या जिगहेडवर, धातूच्या स्पूनवर (चमच्याच्या आकाराचा लूर) आणि लाकडावर छान बसतं. प्लास्टिकच्या लुरावर मात्र आधी पोटाखाली एक ठिपका लावून पाहा, कारण त्यातली द्रावणं काही प्लास्टिक विरघळवतात. किड्यांच्या आकाराच्या, रबरासारख्या मऊ प्लास्टिकच्या लुरांना तर लावूच नका, वाकवलं की तडकतं. आणि ते किडे रंगवलेल्या लुरांच्या डब्यात ठेवू नका. मी ठेवले होते. काही आठवड्यांनी डबा उघडला तर आत एक चिकट, बहुरंगी गोळा होता. मऊ प्लास्टिकमधलं तेलकट रसायन शेजारच्या रंगाला खातं.

जिगहेडचं काम बरंच असेल तर पावडर पेंट नेलपॉलिशपेक्षा कितीतरी टिकाऊ. हीटगनने (गरम हवा फेकणारं यंत्र) शिसं तापवायचं, पावडरमध्ये एक-दोन सेकंद बुडवून काढायचं, पावडर आपोआप वितळून चकाकते. गरम असतानाच तंगूस (गळाची नायलॉन दोरी) ओवायचं भोक टाचणीने मोकळं करा. मेणबत्तीवर तापवाल तर काजळीने रंग काळवंडतो, आणि ज्योत कशाचीही असो, ती गळाच्या तारेला लागू देऊ नका, पोलाद नरम पडतं. नंतर साधारण १७५ ते १८० अंश सेल्सिअसला पंधरा-वीस मिनिटं भाजलं की थर पक्का होतो. शिसं ३२७ अंशांना वितळतं, त्यामुळे ती काळजी नको. पण स्वयंपाकाचा ओव्हन यासाठी कधीही वापरू नका. शिसं कोरडं घासू नका आणि हात धुतल्याशिवाय काही तोंडात टाकू नका.

वरच्या पारदर्शक थराला पाच मिनिटांचं इपॉक्सी घेऊ नका, ब्रश फिरवेपर्यंत ते घट्ट होतं. तीस मिनिटांचं घ्या, पाकिटावरच्या प्रमाणात नीट मोजून कालवा. प्रमाण चुकलं तर ते कायमचं चिकट राहतं. मार्करने काही काढलं असेल तर पूर्ण वाळू द्या, नाहीतर इपॉक्सीखाली शाई पसरते. लावल्यावर लूर अर्धा तास हाताने फिरवत राहा, नाहीतर सगळं पोटाशी थेंब होऊन जमतं. माझ्या एका तरंगत्या क्रँकबेटवर (पुढे जीभ असलेला माशासारखा लूर) मी प्रेमाने तीन थर दिले. दिसायला काचेसारखा सुंदर झाला आणि पाण्यात दगडासारखा तळाला गेला. तेव्हापासून एकच पातळ थर देतो आणि गळ परत बसवून बादलीत टाकून बघतो. पाण्यात मध्येच स्थिर राहणाऱ्या लुराला तर ग्रॅमभर फरकही बिघडवतो. मूळ गळांपेक्षा जड गळ लावलेत तरी हेच होतं.

रॉड रंगवायचं मनात असेल तर सोडून द्या. जाड रंगाने वजन वाढतं, लवचीकपणा बदलतो, आणि जुना रंग काढायचं रसायन कार्बनच्या रॉडमधलं रेझिन खराब करू शकतं. मुठीवर हीटश्रिंक नळी (तापवली की आवळून बसणारी) चढवा, किंवा तंगुसाच्या कड्यांभोवतीचा सुटलेला दोरा आवडीच्या रंगात पुन्हा गुंडाळा, हौस तिथे भागते. तरंड्यांची (दोरीला बांधून पाण्यावर तरंगत ठेवायच्या खुणांची) टोकं मात्र बिनधास्त रंगवा, ती आपल्यालाच लांबून दिसायला हवीत.

आणि लाल रंगावर फार कष्ट घेऊ नका. पाण्यात तोच आधी विझतो. काही मीटर खाली गेलात की तो काळपट दिसतो. खोल पाण्यासाठी रंगांपेक्षा गडद-फिक्याचा फरक ठेवा. सुरुवात डब्यातल्या सगळ्यात भंगार लुरापासून करा, आणि इपॉक्सी वाळायला पूर्ण २४ तास टांगून ठेवा. बोट लावून बघायचा मोह होईल. माझ्या पहिल्या लुरावर माझ्या अंगठ्याचा ठसा अजून आहे.