सोलर पॅनेल धुण्याआधी : वाचकांचे प्रश्न

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूरच्या गच्च्यांवर काळी राख उतरते आणि पॅनेल धुण्याबद्दलची पत्रे वाढतात. २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर' योजना आल्यापासून घराघरांवर सोलर दिसू लागले, पण बसवणारा बहुधा 'पंधरवड्याला पाणी मारा' एवढेच सांगून जातो. काय बंद करायचे आणि कुठे चढायचेच नाही, हे सांगायचे राहून जाते. या अंकात त्याबद्दलचे निवडक प्रश्न.

प्रश्न : घरावर ३ किलोवॅटचे सोलर आहे. धुण्याआधी एमसीबी खाली केला की पॅनेलमध्ये करंट राहत नाही ना? (राजारामपुरी)

राहतो. एमसीबी (सुरक्षेचा स्विच) खाली केल्याने इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारे यंत्र, आणि मीटर यांच्यामधली एसी बाजू तुटते. पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंत येणारी डीसी बाजू तशीच जिवंत असते. ३ किलोवॅटच्या घरगुती सोलरमध्ये बहुधा ५४० वॅटच्या आसपासची ६ पॅनेल एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेली असतात. एका पॅनेलचे उघडे (काहीही न जोडता मोजलेले) व्होल्टेज ४९-५० धरले, तर सहांचे मिळून ३००च्या जवळ जाते. पॅनेलवर उजेड पडतोय तोवर हे व्होल्टेज कुठल्याच स्विचने जात नाही. इन्व्हर्टरचा डीसी स्विच बंद केला की वायरीतून प्रवाह वाहणे थांबते, पण स्विचपर्यंतची वायर भारितच असते.

मग बंद तरी का करायचे? कारण धुताना धक्का लागून एखादा कनेक्टर निसटला आणि त्यातून प्रवाह चालू असला, तर तिथे ठिणगीची कमान धरते. घरातला एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे त्याची ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीला ती उसंतच नसते. कमान जळत राहते, प्लास्टिक वितळते, आग लागते. म्हणून आधी एसीडीबीमधला (इन्व्हर्टरपुढच्या एसी पेटीतला) एमसीबी खाली करा, मग इन्व्हर्टरचा डीसी स्विच. पॅनेलखालचे, वायरी जोडणारे एमसी-४ कनेक्टर स्वतः कधीही ओढू नका.

त्याआधी मात्र इन्व्हर्टरचा डिस्प्ले वाचा. 'आयसोलेशन' किंवा 'इन्सुलेशन' असा फॉल्ट दिसत असेल तर कुठेतरी डीसी वायर जमिनीशी किंवा फ्रेमशी चिकटली आहे. अशा वेळी फ्रेमला हात लावायचा नाही, पाणीही मारायचे नाही. फॉल्ट नसेल तर गच्ची कोरडी असतानाच पॅनेलभोवती एक फेरी मारा. काचेला तडा, उंदीर-खारीने कुरतडलेली वायर, स्लॅबवर पाणी साचते तिथे लोंबणारा कनेक्टर, तुटलेली अर्थिंगची पट्टी, यातले काहीही दिसले तर त्या दिवशी धुणे रद्द. तडा गेलेल्या काचेतून पाणी आत शिरते आणि भारित भागाशी जोडले जाते. भांडी घासायचे रबरी हातमोजे इथे उपयोगाचे नाहीत. विजेच्या कामाचे मोजे वेगळे असतात आणि त्यांवर व्होल्टेजचा वर्ग छापलेला असतो.

सगळे ठीक असेल तर सकाळी आठच्या आत धुऊन घ्या. भर उन्हात पॅनेल ६०-७० अंशांपर्यंत तापते. त्यावर गार पाणी पडले की काच तडकू शकते आणि पाणी वाळून डागही राहतात. पायांत पकड असलेले बूट हवेत, गुळगुळीत झालेली स्लीपर नको. सगळे सुकल्यावर आधी डीसी स्विच, मग एमसीबी चालू करा. इन्व्हर्टरला लाइन तपासून जुळायला काही मिनिटे लागतात, तेवढ्यात घाबरून पुन्हा बंद-चालू करू नका.

प्रश्न : काजळी चिकट असते, नुसत्या पाण्याने निघत नाही. वॉशिंग पावडर आणि गाडी धुण्याचा प्रेशर पंप चालेल का? पाणी बोअरचे आहे. (कसबा बावडा)

दोन्ही नको. प्रेशरचे पाणी फ्रेम आणि काचेमधल्या सीलमध्ये घुसते, मागच्या जंक्शन बॉक्सवर (वायरी जोडलेल्या पेटीवर) आदळते आणि ओल्या गच्चीवर नळीचा झटका माणसाचा तोल घालवतो. पावडरचा थर काचेवर राहतो आणि त्यावर पुढची धूळ अधिकच धरते.

चुकते ते बहुधा क्रमात. राख कोरडी असताना फडके फिरवले की ती काचेवर घासली जाते, ओरखडे पडतात. आधी साध्या नळीने वरून खाली पाणी सोडा, दोन-तीन मिनिटे भिजू द्या, मग मऊ ब्रश फिरवा आणि शेवटी रबरी वायपरने पाणी ओढा. एका पॅनेलला दीड-दोन लिटर पुरते, म्हणजे सहांना एक बादलीभर. चिकट थराला १० लिटर पाण्यात चमचाभर सौम्य लिक्विड साबण बास, नंतर साध्या पाण्याने खळखळून घ्या. पक्ष्यांची विष्ठा ओल्या फडक्याखाली दहा मिनिटे ठेवली की सुटते. पत्र्याच्या तुकड्याने खरवडू नका. अ‍ॅसिड तर अजिबात नको, काचेवरचा लेप आणि अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम दोन्ही खराब होतात.

बोअरचे जड पाणी काचेवर पांढरे डाग सोडते. पावसाचे साठवलेले किंवा नळाचे पाणी वापरा. आरओचे वाया जाणारे पाणी मात्र घेऊ नका. फिल्टरने वेगळे काढलेले क्षार त्यातच असतात.

प्रश्न : पॅनेलचे स्ट्रक्चर (लोखंडी सांगाडा) गच्चीपासून ९ फूट उंच आहे, खाली कपडे वाळत घालतो. मुलगा पाइपवर पाय देऊन वर चढतो आणि पॅनेलवर बसून धुतो. काही धोका? (मंगळवार पेठ)

त्याला आजपासूनच थांबवा. पॅनेल धुताना करंटपेक्षाही पडण्याची भीती मोठी, आणि तुमच्याकडे उंची दुहेरी आहे. गच्चीचा कठडा स्ट्रक्चरच्या खूप खाली राहतो. वरून घसरलेला माणूस गच्चीवर न पडता थेट रस्त्यावर जाऊ शकतो. ओली काच साबणाने निसरडी होते आणि तिला उतारही असतो. शिवाय माणसाच्या वजनाने आतल्या सेलना बारीक भेगा जातात. त्या वरून दिसत नाहीत, पण वीज कमी होत जाते.

पॅनेलची एकच ओळ असेल तर गच्चीवर उभे राहूनच, उताराच्या खालच्या बाजूने ३-४ मीटर लांब होणाऱ्या ब्रशने काम होते. काठी फायबरची घ्या. घराजवळून ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) लाइन जात असेल तर काठी कुठल्याही बाजूने तारेच्या ३ मीटरच्या आत येता कामा नये, फायबरची असली तरी. दोन ओळी असतील तर स्ट्रक्चर करणाऱ्याकडून दीड फूट रुंद जाळीची वाट आणि तिला मीटरभर उंच कठडा करून घ्या. कठडा उत्तरेला ठेवला की पॅनेलवर सावली जवळजवळ पडत नाही. हा खर्च टाळू नका. शिडी लावायचीच तर १२ फूट उंचीला पाया ३ फूट बाहेर, आणि खाली धरायला एक माणूस.

प्रश्न : आमच्या शेडवर सिमेंटचे पत्रे आणि मधूनमधून उजेडाचे फायबर पत्रे आहेत. पॅनेल धुणाऱ्या मुलांना सेफ्टी बेल्ट देतो. तेवढे पुरे ना? (शिरोली एमआयडीसी)

पुरत नाही. जुना सिमेंटचा पत्रा वजन पेलत नाही, तो आवाज न करता एकदम फुटतो. फायबरचे पत्रे फाउंड्रीच्या धुळीने इतके काळवंडतात की वरून ओळखूही येत नाहीत. त्यांच्या कडा पिवळ्या रंगाने रंगवा, खाली जाळी लावा आणि चालायला पर्लिनवर (पत्रे पेलणाऱ्या आडव्या लोखंडी पट्ट्यांवर) टेकणाऱ्या फळ्या किंवा कायमची वाट द्या.

कमरेचा पट्टा वापरू नका. आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा, पूर्ण अंगाचा हार्नेस (खांदे आणि मांड्या धरणारे पट्टे) हवा. दुसरी गोष्ट मोजण्याची. १.८ मीटर दोरी, झटका शोषणारा भाग उलगडून साधारण पावणेदोन मीटर, त्याखाली माणसाचे शरीर आणि थोडी मोकळी जागा, असे मिळून खाली ६ मीटर अंतर लागते. तुमची शेड ५ मीटरची असेल तर पडणे पूर्ण थांबायच्या आत माणूस जमिनीवर आपटेल. तिथे दोरी इतकी आखूड ठेवा की माणूस काठापर्यंत किंवा फायबर पत्र्यापर्यंत पोहोचूच नये. दोरी पॅनेलच्या रेलला बांधू नका, शेडच्या मुख्य सांगाड्याला बांधा. आणि एकट्याला वर पाठवू नका. हार्नेसमध्ये लोंबकळलेल्या माणसाचे रक्त पायांत साचते, त्याला काही मिनिटांत खाली घ्यावे लागते. ते कोण आणि कसे करणार, हे वर चढण्याआधी ठरलेले हवे.

प्रश्न : शेतातल्या सौर पंपाची पॅनेल जमिनीपासून जवळच आहेत. तिथेही एवढी काळजी हवी? (शिरोळ)

पडण्याची भीती कमी, करंटची तेवढीच. कंट्रोलर बंद करूनच धुवा. आधी लांबून काठीने पॅनेलखाली बघा. सावलीत साप विसावतात आणि फ्रेमच्या कोपऱ्यात गांधीलमाश्यांची पोळी असतात. गवत ग्रासकटरने काढू नका, त्याच्या पात्याने उडालेला खडा काच फोडतो. पॅनेलभोवतीचे ५-६ फूट विळ्याने काढा, आणि ते काढताना जमिनीवर सुटलेल्या वायरीवर विळा पडणार नाही हे पाहा.