मानापमान ऑगस्टात नको, शारदा गुढीपाडव्याला करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या इंदिरानगरची पंचवीसेक हौशी मंडळी आहात, आणि नोव्हेंबर २०२६ पासून वर्षभरात चार नाटकं करायची आहेत. डिसेंबरात राज्य नाट्य स्पर्धेसाठी गंभीर नाटक, जानेवारीत विनोदी, मेमध्ये बालनाट्य आणि ऑगस्टमध्ये मोठा बार म्हणून ‘संगीत मानापमान’. जमेल का, आणि नाट्यगृह कालिदास घ्यावं की साईखेडकर? शिवाय चारही नाटकांचं मिळून एक वार्षिक तिकीट काढायचा विचार आहे.

चार जमणार नाहीत. तीन जमतील, आणि विनोदी नाटकाचं वेगळं काहीतरी करता येईल.

आधी ऑगस्ट खोडा. सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि नाशिकची अमृतस्नानं २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट व ११ सप्टेंबर २०२७ ला जाहीर झालेली आहेत. ज्यांनी २०१५ चा सिंहस्थ पाहिलाय त्यांना बॅरिकेडिंगबद्दल वेगळं सांगायला नको. कालिदास शालिमारला, म्हणजे ऐन गर्दीच्या तोंडावर. सिडकोतला प्रेक्षक तिथवर पोचणार कसा, आणि नेपथ्याचा टेम्पो आत सोडणार कोण? पोलीस, महापालिका, शाळा सगळे त्याच कामाला जुंपलेले असतील. जुलै ते सप्टेंबर कोरे ठेवा.

आता माणसं मोजा. पंचवीस जण म्हटलं की डोळ्यांसमोर पंचवीस नट येतात, पण तालमीला नियमित येणारे किती आणि विंगेत उभं राहायला तयार किती, हे दोन आकडे वेगळे काढा. नेपथ्य लावणं, प्रॉपर्टी म्हणजे प्रयोगातल्या वस्तू सांभाळणं, पार्श्वसंगीत सोडणं, रंगभूषेला हात लावणं ही कामं प्रत्येक हौशी संस्थेत त्याच चार जणांच्या गळ्यात पडतात. ते चौघं वर्षात तीनदा उभे राहतील, चौथ्यांदा फोन उचलणार नाहीत. नटांमध्ये सातपूर-अंबडच्या कंपन्यांतले किती हेही विचारा. शिफ्ट दर आठवड्याला बदलते, म्हणजे ‘रोज साडेआठला तालीम’ हा नियम त्यांना पाळता येत नाही. त्यांना कमी प्रवेशांच्या, एकत्र गोळा करता येतील अशा भूमिका द्या. मुख्य भूमिका अशा माणसाला दिली की सगळी तालीम त्याच्या शिफ्टच्या तक्त्यावर चालते.

स्पर्धेचं नाटक ठेवाच. दिवाळीनंतर नाशिक केंद्राची फेरी लागते, ठरलेली तारीख डोक्यावर असते आणि त्या धाकाने तालमी होतात. संहिता सहा-सात पात्रांची घ्या. संहिता नवी असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी ती आधी पाठवावी लागते. लेखक शेवटचा प्रवेश दसऱ्यापर्यंत लिहीत बसला तर कपाळाला हात लावायची वेळ येते. मग जानेवारीत नवं विनोदी नाटक उभं करण्याऐवजी स्पर्धेच्याच नाटकाचा तिकीट लावून प्रयोग करा. नेपथ्य तयार, पाठांतर तयार, परीक्षकांनी दाखवलेल्या चुका ताज्या. हौशी संस्था एवढ्या मेहनतीने उभं केलेलं नाटक एका प्रयोगात गुंडाळून टाकतात, ते मला कधीच पटलेलं नाही.

विनोदी नाटकाचं अभिवाचन करा, जूनमध्ये, तुमच्या इंदिरानगरातल्याच एखाद्या छोट्या सभागृहात. पाच खुर्च्या, दोन माइक. नवीन आलेल्यांचा आवाज कळतो आणि विंगेतल्या चौघांना सुट्टी मिळते.

खरा प्रश्न संगीत नाटकाचा. ‘मानापमान’ का नको? खाडिलकरांचं हे नाटक १९११ चं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, ठुमरी-दादऱ्याच्या अंगाने बांधलेल्या. नायिका भामिनीची पदं गायला तयार गळा लागतो, आणि नायक धैर्यधरही तेवढाच तोलामोलाचा हवा. तुमच्या पंचवीस जणांत गाणं शिकलेल्या तीन बायका आणि एक पुरुष आहे, असं तुम्हीच लिहिलंय. एवढ्यावर ‘मानापमान’ केलं तर दोन पदं रंगतील आणि बाकीची उरकली जातील. २०२५ च्या जानेवारीत सिनेमा आल्यापासून बऱ्याच संस्थांना हे नाटक खुणावतंय. सिनेमातली नवी गाणी मात्र मुळीच उचलू नका, त्यांचे हक्क वेगळे आहेत.

देवलांचं ‘शारदा’ घ्या, १८९९ चं. पदं साकी, दिंडी, ओवी अशा जुन्या छंदांच्या वळणाची. शब्द पुढे राहतात, सूर त्यांना धरून चालतात. ज्याला गाता येतं पण रियाज नाही असा नट त्यात उभा राहू शकतो. नायिका शारदा आणि नायक कोदंड या दोघांना गळा हवा. भुजंगनाथ, भद्रेश्वर, कांचनभट, इंदिराकाकू हे अभिनयावर चालतात, आणि म्हाताऱ्या नवरदेवासाठी, भुजंगनाथासाठी तर हौशी संस्थेत उमेदवारांची रांग असते. शारदेच्या मैत्रिणींमध्ये तुमच्याकडच्या कॉलेजच्या मुली बसतील. म्हणूनच पाडव्याच्या आसपास म्हणतोय. दहावी-बारावीच्या परीक्षा तोवर आटपतात आणि ऊन चढलं तरी संध्याकाळी माणसं घराबाहेर पडतात. पूर्ण संहिता कराल तर रात्र सरेल. अडीच तासांत बसेल अशी काटछाट वाचनाच्या पहिल्या आठवड्यातच करा. पद पाठ झाल्यावर कापलं की गाणारी रुसते, आणि तिचं बरोबरच असतं.

वाद्यांच्या साथीचं आधी ठरवा, मग प्रयोगाची तारीख. ऑर्गनवर नाट्यपदाची साथ करणारे नाशकात आहेत, पण थोडे, आणि पाडव्याच्या दिवसांत त्यांना पहाटेच्या मैफलींची बोलावणी असतात. तबलजी त्यामानाने सहज मिळतो. रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर पदं म्हणायचा मोह होईल. करू नका. नट एक श्वास जास्त घेऊन थांबला तर ट्रॅक त्याच्यासाठी थांबत नाही, आणि ‘म्हातारा इतुका न’ला प्रेक्षकांतून वन्स मोअर आला तर तुम्ही काय करणार? पट्टीचा, म्हणजे कुणी कुठल्या सुरात गायचं याचा घोळही सुरुवातीलाच सोडवा. बाईची काळी चार-पाच, पुरुषाची काळी एक-दोन. स्वतंत्र पदांना ऑर्गनवाला पट्टी बदलून देईल, पण नांदी सगळ्यांनी मिळून म्हणायची असते, ती कुणाच्या गळ्याला अवघड जातेय ते तालमीत ऐकून घ्या. पदांचा सराव दसऱ्यापासून आठवड्यातून दोनदा, गद्य तालीम संक्रांतीनंतर. स्पर्धेच्या नाटकातली माणसं यात घेऊ नका, एखाददुसरा अपवाद सोडून.

हक्कांचंही सांगतो, कारण तुमच्या यादीत पर्याय म्हणून ‘मत्स्यगंधा’ आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात. देवल १९१६ ला गेले, खाडिलकर १९४८ ला, टेंबे १९५५ ला, तेव्हा ती नाटकं मोकळी आहेत. ‘मत्स्यगंधा’चे लेखक कानेटकर आपल्या नाशिकचे असले तरी त्यांना जाऊन साठ वर्षं झालेली नाहीत, म्हणजे वारसांची परवानगी हवी. संगीत अभिषेकीबुवांचं, ते १९९८ ला गेले, त्याची परवानगी वेगळी. एक मिळाली म्हणून दुसरी मिळाली असं धरून चालू नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये हौशी संस्थेला सूट आहे, पण प्रेक्षकांकडून पैसे घेतले नाहीत तर. तुम्ही तिकीट लावणार, तेव्हा सूट विसरा. तुमच्यातल्या कुणीतरी ‘देवबाभळी’ही सुचवलंय. प्राजक्त देशमुखांचं, म्हणजे घरचंच, आणि दोन बायकांवर उभं असलेलं देखणं संगीत नाटक. पण तुमच्या उरलेल्या तेवीस जणांनी काय करायचं?

बालनाट्य मेअखेर, शाळा उघडायच्या आत. विंगेतले चौघं नुकते ‘शारदा’तून सुटलेले असतील, म्हणून नेपथ्याशिवाय करा. काळा पडदा, मुखवटे, दोन-तीन लेव्हल म्हणजे चौथरे. सूचना देणारा मोठा माणूस एकच ठेवा आणि पालकांना तालमीच्या खोलीबाहेर बसवा.

नाट्यगृहाचं सोपं आहे. ‘शारदा’ साईखेडकरला. गाणारा आवाज माइकवर कमी अवलंबून राहतो आणि तुमच्या ओळखीपाळखीचे लोक आले तरी घर भरलेलं दिसतं. कालिदास मोठं, शिवाय शनिवार-रविवार व्यावसायिक नाटकांच्या तारखा पडलेल्या असतात, हौशी संस्थेच्या वाट्याला बहुधा मधला वार येतो. रविवारी संध्याकाळी पाचचा प्रयोग मिळाला तर सोडू नका, ज्येष्ठ मंडळी तेवढ्यासाठी येतात. जानेवारीच्या थंडीत रात्री साडेनऊला त्यांनी यावं अशी अपेक्षा ठेवू नका.

वार्षिक तिकीट काढा, पण त्यावर नाटकांची नावं छापू नका. ‘तीन प्रयोग, एक अभिवाचन’ एवढंच लिहा. परवानगी, नट, तारीख यांतलं काहीतरी एक बदलतंच, आणि नाव छापलेलं असलं की लोक पैसे परत मागतात.

कोदंडाला कोण गाणार ते मात्र लिहिलं नाहीत. तुमचा जो एक गाणारा पुरुष आहे त्याची पट्टी आणि वय कळवा, मग पदांच्या काटछाटीबद्दल पुढचं बोलू.