नागपुरात आईला दम्याच्या औषधाच्या चाचणीत यायला सांगितलं आहे. नाव घालावं का?

घालायला हरकत नाही, पण सही करण्याआधी ती चाचणी सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत आहे का ते घरबसल्या बघून घ्या. १५ जून २००९ पासून ही नोंदणी बंधनकारक आहे. कुठल्या रुग्णालयात चाचणी चालू आहे, प्रमुख डॉक्टर कोण, एथिक्स कमिटीची (रुग्णांचं हित जपलं जातंय का हे तपासणाऱ्या समितीची) मंजुरी आहे का, हे सगळं तिथे मोफत दिसतं. नोंद सापडली नाही तर सरळ नाही म्हणा. मेडिकल किंवा मेयो ही नागपूरची सरकारी रुग्णालयं असोत की रामदासपेठेतलं खासगी हॉस्पिटल, नव्या औषधाच्या चाचणीला २०१९ चे केंद्रीय नियम सारखेच लागू होतात: संमतीपत्र आईंना समजेल अशा भाषेत हवं (मराठीतच मागा), त्याची प्रत त्यांच्याकडे राहायला हवी, चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत, आणि त्या कधीही बाहेर पडू शकतात, त्यामुळे नेहमीचे उपचार अडत नाहीत.

फक्त एका बाबतीत घाई करू नका. रोजचा स्टेरॉइडचा इनहेलर बंद करायला सांगत असतील, तर त्याऐवजी काय देणार आणि रात्री दम लागला तर कोणाला फोन करायचा, हे लेखी घ्या. आटोक्यात असलेला दमाही हा इनहेलर थांबवल्यावर उसळू शकतो.