टेन्स मशीनने सूज आणणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी शांत होतात का?

थेट नाही. टेन्स म्हणजे त्वचेवर लावलेल्या पट्ट्यांतून विजेचे सौम्य स्पंद देऊन दुखणं कमी करणारं यंत्र. त्याचं मुख्य काम नसांवर चालतं: 80–100 हर्ट्झचे स्पंद जाड स्पर्शतंतू जागे करतात आणि मज्जारज्जूत वेदनेचा संदेश अडतो.

पेशींवरचा सर्वात स्पष्ट पुरावा वेगळ्या उपचाराचा आहे, व्हेगस नसेच्या (मेंदूतून मानेमार्गे छाती-पोटातल्या अवयवांकडे जाणाऱ्या नसेच्या) विद्युत उत्तेजनाचा. स्पंदांचा संदेश प्लीहेपर्यंत जातो, तिथल्या काही टी-पेशी (एक प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी) ॲसिटिलकोलीन हे संदेशवाहक रसायन सोडतात आणि मॅक्रोफेज या दुसऱ्या रोगप्रतिकारक पेशी टीएनएफ हे दाहकारक प्रथिन कमी बनवतात. 2016 मध्ये आमवाताच्या रुग्णांत व्हेगस उत्तेजनाचं यंत्र शरीरात बसवून केलेल्या अभ्यासात टीएनएफची निर्मिती खरोखर घटली. जुनाट दुखण्यात मज्जारज्जूतल्या मायक्रोग्लिया या रोगप्रतिकारक पेशीही चिडलेल्या राहतात. मज्जारज्जूला विजेचे स्पंद देणाऱ्या उपचाराने त्या बदलतात, पण हे मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसलं आहे.

पण हे वाचून कृपया घरच्या टेन्सच्या पट्ट्या मानेच्या पुढच्या बाजूला लावून व्हेगस गाठायचा प्रयत्न करू नका. तिथे रक्तदाब आणि ठोके अचानक घसरू शकतात, घशाचे स्नायू आवळू शकतात. पेसमेकर असेल तर हृदयतज्ज्ञांना विचारल्याशिवाय टेन्स नको. पट्टीचा जेल वाळला असेल तर ती बदला. प्रवाह एका ठिकाणी एकवटून त्वचा भाजते.