हार्ड डिस्क मध्येच नाहीशी का होते?

प्रश्न : रास्पबेरी पाय ४ या एकाच बोर्डावरील छोट्या संगणकावर लिनक्स टाकून मी घरातील छायाचित्रांसाठी छोटा सर्व्हर केला आहे. जुन्या लॅपटॉपची अडीच इंची हार्ड डिस्क यूएसबीने जोडली आहे. मोठ्या फाइल्स कॉपी करताना पडद्यावर विजेचे चिन्ह उमटते आणि डिस्क नाहीशी होते. डिस्क निकामी झाली असेल का?

उत्तर : आपण सांगितलेल्या लक्षणांवरून संशय डिस्कपेक्षा वीजपुरवठ्यावर अधिक जातो. बोर्डाला मिळणारा दाब सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली घसरला की ते चिन्ह दिसते; ‘डीमेसेज’ (dmesg) ही लिनक्सच्या नोंदी दाखवणारी आज्ञा दिल्यास ‘अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड’ (दाब कमी पडला) अशी नोंदही सापडेल. या बोर्डासाठी ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर अपेक्षित आहे. मोबाइलचा चार्जर आणि बारीक तारांची लांब केबल वापरत असाल, तर आधी ती जोडी बदलावी.

तरीही एक अडचण उरते. बोर्डाच्या चारही यूएसबी पोर्टांना मिळून जेमतेम १.२ अँपिअर मिळतात, आणि फिरणारी डिस्क सुरू होताना त्यातला बराचसा वाटा एकटीच ओढते. म्हणून स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारे उपकरण) घ्यावा. मात्र काही स्वस्त हब उलट बोर्डालाच वीज पुरवतात, तसले टाळावेत. वीज सुधारल्यानंतर डिस्क अनमाउंट करून (म्हणजे लिनक्सपासून विलग करून) ‘एफएससीके’ (fsck) ही फाइल-रचनेतील चुका तपासणारी आज्ञा चालवावी. त्यानंतरही ती नाहीशी होत राहिली, तरच ‘स्मार्ट’ (SMART) या डिस्कमध्येच असलेल्या स्व-तपासणीच्या चाचणीने तिची प्रकृती तपासावी.