आधी पाणी, मग प्रथिनं, शेवटी भाकरी
वाचकांचे प्रश्न : वजन घटवण्याची शस्त्रक्रिया

या वेळी लातूर, परभणी, हिंगोली, बीड भागातून आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न घेतले आहेत. बहुतेक पत्रांत दोन शस्त्रक्रियांची नावं आहेत. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि उरलेल्या भागाची अरुंद नळी राहते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिली मावेल एवढी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. पुढची उत्तरं दोन्हींना लागू आहेत. फरक असेल तिथे तसं सांगितलं आहे.

प्रश्न : माझ्या जावेचं स्लीव्हचं ऑपरेशन ठरलंय. आधीचे दोन आठवडे भाकरी, भात, साखर बंद करायला सांगितलंय. पोट लहान करणारच आहेत, तर आधी उपाशी कशाला ठेवायचं? तिला शुगरच्या गोळ्याही चालू आहेत. (एक वाचक, औसा)

यकृताचा डावा भाग जठरावर झाकणासारखा असतो. वजन जास्त असलेल्या बहुतेकांच्या यकृतात चरबी साठून ते फुगलेलं आणि ठिसूळ झालेलं असतं. दुर्बिणीतून काम करताना सर्जनला हा भाग उचलून धरावा लागतो. तो मोठा असेल तर जठराचं वरचं टोक नीट दिसत नाही, उचलताना यकृत फाटून रक्त येतं, आणि कधी ऑपरेशन अर्ध्यात थांबवावं लागतं. पिष्टमय पदार्थ कमी केले की यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेचा, साठा संपतो, त्याच्यासोबत धरून ठेवलेलं पाणी जातं, थोडी चरबीही उतरते. दोन आठवड्यांत यकृत चांगलंच आक्रसतं.

या दिवसांत साधारण ८०० ते १००० कॅलरी आणि भरपूर प्रथिनं द्यायची असतात. एका मोठ्या ज्वारीच्या भाकरीत ६० ते ७० ग्रॅम पीठ जातं, म्हणजे २०० ते २५० कॅलरी, आणि त्यातल्या बहुतेक पिष्टातून. दोन्ही वेळच्या मिळून चार भाकरी झाल्या की दिवसाचा हिशेब तिथेच संपला. त्याऐवजी पाण्यात कालवलेली प्रोटीन पावडर, साय काढलेलं दूध, ताक, मुगाचं वरण, पनीर किंवा अंड्याचा पांढरा भाग आणि दोडका, दुधी, भोपळ्यासारख्या भाज्या. तेल दिवसभरात दोन चमच्यांपर्यंत. आपल्याकडे ‘पुन्हा खायला मिळणार नाही’ म्हणून ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात माहेरी नेऊन पुरणपोळीचं जेवण घालतात. माया आहे त्यात, पण त्या जेवणाने दहा दिवसांची मेहनत वाया जाते. हे जेवण करूच नका.

आता गोळ्यांचं. हा भाग आहारापेक्षाही महत्त्वाचा आहे. जेवण कमी झालं आणि ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) किंवा इन्सुलिन पूर्वीच्याच मात्रेत चालू राहिलं, तर साखर धोकादायक खाली येते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटाच्या गोळ्या उपासमारीत रक्तात आम्ल वाढवतात, आणि त्या वेळी ग्लुकोमीटरवर साखर जवळपास नॉर्मल दिसत असल्याने कोणाच्या लक्षात येत नाही. या गोळ्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी थांबवतात. कमी कॅलरीचा आहार सुरू होतानाच थांबवायच्या का, तेही विचारून घ्या. आठवड्यातून एकदा घ्यायचं सेमाग्लुटाइडसारखं इंजेक्शन चालू असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण त्याने जठर उशिरा रिकामं होतं. मनाने काही बंद करू नका. सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून आहार सुरू होण्याआधीच डॉक्टरांपुढे ठेवा.

प्रश्न : आईला तपासणीच्या वेळी तंबाखूबद्दल विचारलं. ती नाही म्हणाली. पण ती रोज सकाळी मिश्री लावते. हे सांगायला हवं होतं का? (एक वाचक, सेलू)

होय, लगेच सांगा. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि हिरडीतून निकोटिन थेट रक्तात जातं. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, टाके भरून यायला रक्त कमी पडतं, टाक्यातून गळतीचा आणि फुप्फुसाच्या त्रासाचा धोका वाढतो. बायपासनंतर जोडाच्या जागी अल्सर होण्याचं ते एक मोठं कारण आहे. ऑपरेशनच्या किमान सहा आठवडे आधी मिश्री, गुटखा, विडी, चुना-तंबाखू सगळं बंद हवं आणि नंतरही कायमचं बंद. सहा आठवडे झाले नसतील तर तारीख पुढे ढकललेली बरी.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. घरी आल्यावर पहिल्या दोन महिन्यांत काय आणि किती द्यायचं? डबा पावडरचाच लागतो का? (एक वाचक, अंबाजोगाई)

क्रम लक्षात ठेवा : आधी पाणी, मग प्रथिनं, आणि जागा उरली तर बाकीचं. पहिल्या महिन्यात पुन्हा दवाखान्यात भरती व्हायची वेळ येते ती पुष्कळदा शरीरातलं पाणी कमी झाल्याने.

पाण्यासाठी दवाखान्यातून औषधाचा ३० मिलीचा छोटा प्लास्टिक कप घरी आणा. दर पंधरा मिनिटांनी एक कप, तोही दोन-तीन घोटांत. तासाला १२० मिली झाले. जागेपणीच्या १४ तासांत १६८० मिली. एवढं पुरेसं आहे. तांब्याने वरून पाणी ओतून पिण्याची सवय असते, ती पूर्ण मोडावी लागते, कारण एका दमात १०० मिली गेलं की छातीत कळ येते आणि उलटी होते. स्ट्रॉ नको, सोडा नको. एप्रिल-मेमध्ये पारा ४२च्या पुढे जातो तेव्हा हिशेब २ लिटरकडे न्या आणि त्यात पातळ, मीठ घातलेलं ताक धरा. लघवी गडद पिवळी झाली किंवा सहा-सात तासांत झालीच नाही, तर पाणी कमी पडतंय.

खाण्याचे टप्पे दवाखान्यागणिक थोडे बदलतात. साधारण असे : पहिले एक-दोन दिवस गाळलेली पातळ पेयं. मग दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत दूध, ताक, गाळलेलं वरण, पावडर. हुलग्याचं माडगं आपल्या घरात होतंच. ते पातळ करून, गाळून, मिरची-लसूण न घालता द्यायला चांगलं. दोन चमचे, म्हणजे २० ग्रॅम हुलग्याच्या पिठात सुमारे ४ ग्रॅम प्रथिनं मिळतात. ज्वारीची आंबील पचायला हलकी, पण प्रथिनं नावालाच. तिच्यावर दिवस काढू नका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेलं : घोटलेलं मुगाचं वरण, चक्का, कुस्करलेलं मऊ पनीर, दुधीची गुळगुळीत भाजी. पाचव्या-सहाव्या आठवड्यात मऊ, बोटांनी चुरगळेल असं. भाकरी त्यानंतर, आणि तीही पापुद्र्याचा चतकोर वरणात भिजवून. ताजा मऊ भात आणि गव्हाची पोळी बऱ्याच जणांना गोळा होऊन अडकते. त्यांची घाई नको. ठेचा तीन महिने तरी विसरा.

रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. चौथ्या आठवड्यातला एक दिवस मांडून पाहू. दोन वेळा २०० मिली दूध : १३ ग्रॅम. ३० ग्रॅम डाळीचं वरण : ७. पनीर ५० ग्रॅम : ९. चक्का १०० ग्रॅम : ८ च्या आसपास. बेरीज ३७. एवढं सगळं त्या नळीएवढ्या पोटात गेलं तरी २३ ग्रॅम कमीच पडतात. एक मोजमाप व्हे प्रोटीन (दुधाच्या निवळीपासून केलेली पावडर) त्यात साधारण २० ते २४ ग्रॅमची भर घालतं. म्हणून शाकाहारी माणसाला पहिले तीन महिने डब्याशिवाय हिशेब जुळत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. दुधाने पोट फुगत असेल तर व्हे आयसोलेट, म्हणजे दुधातली साखर जवळपास काढलेली पावडर, घ्या. प्रथिनं कमी पडली की शरीर स्नायू खातं. काट्यावर वजन उतरलेलं दिसतं, पण पायऱ्या चढताना मांड्या थरथरतात.

जेवण आणि पाणी एकत्र नको. जेवल्यावर अर्धा तास पाणी नाही. घास करंगळीच्या नखाएवढा, वीसेक वेळा चावून, ताट वीस मिनिटांत बाजूला. ‘अजून एक घास घे’ हा आग्रह घरातल्या सगळ्यांनी सोडावा. तो एक घासच उलटी आणतो. भेटायला येणारे उसाचा रस, पेढे, ज्यूस आणतात. बायपास झालेल्यांना अशा गोडाने अर्ध्या तासात घाम, धडधड, पोटात मुरडा आणि जुलाब होऊ शकतात.

आणि जन्मभराच्या गोळ्या : मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, डी-३, लोह, कॅल्शियम सायट्रेट. कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, पण एका वेळी ५०० ते ६००च. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर ठेवा, आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका. अंगात ताकद वाटते म्हणून वर्षभराने गोळ्या सोडणारे पुष्कळ. बी-१२चा साठा हळूहळू संपतो आणि मुंग्या, तोल जाणं नंतर सुरू होतं.

प्रश्न : ऑपरेशन हैदराबादला झालं, आम्ही हिंगोली जिल्ह्यातल्या गावात. रात्री त्रास झाला तर कशाला घाबरायचं आणि कशाला नाही? (एक वाचक, वसमत)

पहिले दोन-तीन दिवस खांद्यात दुखतं ते पोटात भरलेल्या वायूमुळे. चाललं की ते कमी होतं. पण दुखणं वाढतंय, सोबत स्वस्थ बसून नाडी १२०च्या वर आहे, ताप १०१च्या पुढे, धाप लागते, तर टाक्यातून गळती किंवा फुप्फुसात गुठळी समजून त्याच रात्री निघा. एका पोटरीला सूज, काळी शी, किंवा दिवसभरात पाण्याचा घोटही न टिकणं, यांनाही सकाळची वाट पाहू नका. गळती बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत होते, म्हणून शक्य असेल तर तेवढे दिवस दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे राहा. घरी येताना गाडी दर तासाला थांबवून पाच मिनिटं चाला. गुठळ्या टाळायची इंजेक्शनं लिहून दिली असतील तर ती पूर्ण करा.

गावातल्या डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर डिस्चार्जचा कागद पुढे करून तीन गोष्टी सांगा. नाडी मोजा. नाकातून नळी अंदाजाने घालू नका. आणि बरेच दिवस उलट्या होत असतील तर ग्लुकोजच्या सलाईनच्या आधी थायमिन, म्हणजे बी-१, द्या. थायमिन संपलेल्या शरीरात नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते : एकाचे दोन दिसतात, तोल जातो, बोलणं असंबद्ध होतं. अशक्तपणा आला की सलाईन लावण्याची पद्धत आपल्याकडे सगळीकडे आहे, म्हणून ही ओळ कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

थोडक्यात

तीन महिन्यांनी केस मुठीने गळतायत. (बीड) वजन वेगाने उतरल्याने तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात आणि बहुतेकांचे परत येतात. प्रथिनं, लोह, थायरॉइड तपासा. तेलावर पैसे घालवू नका.

नवरात्राचे नऊ दिवस धरता येतील का? (तुळजापूर) पहिलं वर्ष नको. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत. पुढे धरायचे झाले तर दूध, दही, पनीर, शेंगदाण्यावर धरा आणि पाणी कधीच बंद ठेवू नका.

मूल कधी? (जालना) १२ ते १८ महिने थांबा. वजन उतरू लागलं की पाळी नियमित होऊन अनपेक्षित दिवस राहतात, तेव्हा गर्भनिरोधक साधन पहिल्या दिवसापासून वापरा; बायपासनंतर नुसत्या तोंडाच्या गोळ्यांवर विसंबू नका.

विमा मिळतो का? (नांदेड) पॉलिसींच्या ठरलेल्या अटींनुसार बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा त्याहून जास्त, अथवा ३५ आणि सोबत ताब्यात न येणारा मधुमेह, हृदयविकार, तीव्र स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडकणं) यांपैकी काही असेल तर. डॉक्टर याहून कमी बीएमआयलाही शस्त्रक्रिया सुचवू शकतात, पण तेव्हा खर्च स्वतःचा. पूर्वमंजुरी आधी घ्या.

कंबर दुखते, इंजेक्शन घेऊ का? (पाथरी) डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन नको, बायपासनंतर तर कधीच नको. जोडावर अल्सर होतो. पॅरासिटामॉल चालतं.

टँकर आला की पाणी भरावं लागतं, कधीपासून भरू? (आष्टी) सहा आठवडे पाच किलोच्या वर काही नाही. भरलेली घागर १५ किलोच्या पुढे जाते, आणि दुर्बिणीच्या छिद्रातून हर्निया बाहेर येतो. तोवर टँकरची पाळी घरातल्या दुसऱ्या कोणी घ्यावी.