जंगलातला अपघात: वर्ष भरण्याआधी दावा लावा

सागाच्या लागवडीतून रोज पहाटे फिरायला जाणाऱ्या एका शिक्षक वाचकाचं ३ ऑक्टोबरचं पत्र आलं आहे. गेल्या १८ नोव्हेंबरला, विरळणीची, म्हणजे दाट झाडं विरळ करण्याची, तोड चालू असताना, वाटेच्या कडेला रचलेली ओंडक्यांची थप्पी घसरली आणि त्यांच्या पत्नीचा पाय दोन ठिकाणी मोडला. जंगल सरकारी मालकीच्या एका कंपनीच्या ताब्यात आहे, तोड ठेकेदाराची. कंपनी म्हणते, प्रवेश बंद होता, तुम्ही आत घुसलात. वाचक विचारतात: बंदी असताना भरपाई मिळते का? गावाची जुनी वाट कंपनीला अडवता येते का? आणि दाव्याआधी ६० दिवसांची नोटीस द्यावीच लागते का?

अशी पत्रं मला बरीच येतात. सगळ्यांत एक वाक्य असतंच: ‘चौकशीचा अहवाल आला की पुढचं बघू.’ सर, तुम्ही साडेदहा महिने त्या अहवालाची वाट पाहिलीत. कंपनीने स्वतःपुरती नेमलेली चौकशी तुमची दावा लावण्याची मुदत एका दिवसानेही थांबवत नाही.

आता मुद्द्याचं. नुकसानभरपाईच्या साध्या दाव्याला तीन वर्षं मिळतात, असं तुम्हाला कुणी तरी सांगितलंय. ते बहुतेक वेळा बरोबरही असतं. पण १९६३ च्या मुदत कायद्यात अनुच्छेद ७२ आहे. एखाद्या कायद्यानुसार केलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या कृतीबद्दल किंवा कसुरीबद्दल भरपाई मागायची, तर मुदत एकच वर्ष, आणि तीही घटनेच्या दिवसापासून. कंपनीचा वकील कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, पहिलं हेच लिहील, की तोड आणि प्रवेशबंदी दोन्ही वन कायद्याखाली होती, म्हणून दावा मुदतबाह्य आहे. माझ्या मते थप्पीला आधार न देणं ही ‘कायद्यानुसार केलेली कृती’ होत नाही. पण हा वाद खालच्या कोर्टापासून वरपर्यंत चालेल, आणि तोपर्यंत तुमच्या पत्नी काठी घेऊनच चालत असतील. १८ नोव्हेंबरच्या आत दावा दाखल झाला, तर हा वाद उभाच राहत नाही.

उशीर झालाच तर माफीचा अर्ज करू, हेही डोक्यातून काढा. विलंबमाफीचं कलम ५ अपिलांना आणि अर्जांना आहे, दाव्यांना नाही.

६० दिवसांच्या नोटिशीचा घोटाळा इथेच होतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस सरकारला किंवा सरकारी अधिकाऱ्याला द्यावी लागते. कंपनी सरकारच्या मालकीची असली तरी ती स्वतः सरकार नव्हे. आज नोटीस देऊन दोन महिने थांबलात तर डिसेंबर उजाडेल, आणि कंपनीपुरते ते दिवस कुणी परत देणार नाही. जमीन शासनाची असेल आणि शासनालाही प्रतिवादी करायचं असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांना नोटीस आजच द्या. शासनापुरता तो काळ मुदतीतून वगळला जातो. कंपनी आणि ठेकेदार यांच्यावर मात्र न थांबता दावा लावा. मध्ये दिवाळीची सुट्टी येते आणि दाखल करताना कागदांवर हरकती निघतात, म्हणून शेवटचा आठवडा हिशोबात धरू नका. आणखी एक गोष्ट. तुम्ही तक्रार स्वतःच्या नावाने केलीत. पाय पत्नीचा मोडला, वादी त्याच. वकीलपत्रावर सही त्यांची हवी.

बंदीचं म्हणाल तर तुमचा एक फोटो मी मोठा करून पाहिला. थप्पी उतारावर आहे आणि खालच्या बाजूला एकच खुंट, तोही तिरका. ओंडक्यांच्या तोंडावर लाल रंगाने आकडे घातलेले दिसतात. त्यावरून माल कुठल्या कुपाचा (तोडीसाठी आखलेल्या तुकड्याचा), तोड कोणत्या तारखेची, ठेकेदार कोण, हे कंपनीच्या नोंदींतून काढता येईल. प्रवेशबंदीची पाटी ट्रकच्या फाटकावर आहे, गावाकडून येणाऱ्या पायवाटेवर नाही. आणि विनापरवाना आत आलेल्या माणसाचा जीव काही बेवारस होत नाही. बिहारच्या एका खटल्यात मालकाने शौचालयाच्या वाटेवर उघडी वीजतार लावली होती आणि आत येणारी बाई मेली. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या मालकाला दोषीच धरलं. तो खटला फौजदारी होता, भरपाईचा नव्हे, त्यामुळे तुम्हाला किती मिळेल ते मी सांगणार नाही.

तुम्ही लिहिता, फाटकावर ३० रुपये घेतले, पावती फेकली. मोबाइलवरून दिले असतील तर बँकेच्या उताऱ्यात तो व्यवहार आहे, आजच काढा. तो सापडला तर पैसे देऊन आत गेलेले ग्राहक म्हणून तुम्हाला ग्राहक आयोगाचा मार्ग खुला होऊ शकतो. तिथे मुदत दोन वर्षं आहे आणि उशीर माफही होऊ शकतो. पण एकाच नुकसानीसाठी दोन्हीकडे जाता येणार नाही, तुमच्या वकिलाशी बोलून एक ठरवा.

वाटेबद्दल थोडक्यात. राखीव जंगलात नुसत्या वहिवाटीने नवा हक्क मिळत नाही. पण १९२७ च्या वन कायद्याचं कलम २५ म्हणतं, वाट बंद करायला शासनाची पूर्वमंजुरी लागते आणि सोयीची पर्यायी वाट असावी किंवा करून द्यावी लागते. तुमचं जंगल राखीव आहे का, अशी मंजुरी होती का, हे कागदांवर ठरेल. माहिती अधिकारात कामाचा आदेश, सुरक्षेच्या अटी आणि ती मंजुरी मागा. उत्तराला ३० दिवस आहेत, म्हणून अर्ज उद्या सकाळीच टाका. दाव्यासाठी त्या उत्तराची वाट मात्र पाहू नका.